पितळी कुलूप आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, या गल्लीतल्या कुलूप-किल्लीच्या दुकानाच्या कैलासवासी मालकांची एकुलती एक मुलगी आणि सध्याची मालकीण, गल्लीत ‘किल्ली’ म्हणून ओळखली जाणारी, वय तिशीच्या आत, धंदा कुलूपदुरुस्ती, राहणार दुकानावरची खोली, पूर्ण शुद्धीवर आणि विचार करून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला कुठलाही आजार नाही. सध्या गावभर पसरलेला तो रोगही नाही. नववा महिना चालू आहे, पाय सुजतात आणि पाठ दुखते, पण त्याने कोणी मृत्युपत्र लिहायला बसत नाही.

अशा कागदात ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ असं लिहायची रीत आहे. दडपण आहे. रोज संध्याकाळी गाडी लावून जिना चढत येतं. पण हा कागद लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही, हा कागद माझा आहे, एवढं खरं धरावं.

कलम पहिलं, स्थावर. दुकान आणि वरची खोली बाबांनी त्यांच्या हयातीतच माझ्या नावावर केली. माझे पती पर्यटकांची बस चालवत. लॉकडाऊनमध्ये बस बंद पडली, तेव्हापासून ते घरोघर सामान पोचवतात, त्यासाठी त्यांना पास मिळाला आहे. बस बंद पडल्याच्या आठवड्यातच त्यांनी दुकान आपल्या नावावर करून द्यायचा विषय काढला. मी नाही म्हटलं. मग तो विषय त्यांनी तोंडाने काढणं सोडून दिलं. म्हणून स्पष्ट लिहिते: दुकान आणि खोली माझ्या पोटातल्या अपत्याची. मुलगा असो वा मुलगी, मालकी त्याची किंवा तिची. माझ्या पतींना यातली एक वीटही मिळू नये.

कलम दुसरं, हत्यारं. बाबांच्या कानशी, किल्ली पकडायचा हातशेगडा, छोटी ऐरण आणि किल्ल्या कापायचं यंत्र अपत्याला मिळावं. ते सज्ञान होईपर्यंत सगळ्याला महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवावं. मूल मोठेपणी दुसरं काही करायचं म्हणालं तर खुशाल करू द्यावं, पण कानस धरायची कशी हे एकदा तरी दाखवावं. बाबांनी मला ते शाळेत जायच्या आधी शिकवलं. ते कोणाचीही किल्ली बनवताना जास्तीची प्रत ठेवून घेत नसत आणि नुसता साबणावरचा ठसा घेऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवत. ‘ज्याचं दार, त्याचीच किल्ली,’ एवढंच म्हणत.

कलम तिसरं, घड्याळवाले काका. हे बाबांचे जुने मित्र. पोरीच्या हाताला कानस पेलायची नाही असं ते दुकानात बसून, माझाच चहा पीत म्हणायचे. माझं स्थळही त्यांनीच आणलं. मुलगा मितभाषी आहे, म्हणाले. त्यात त्यांचं चुकलं नाही, माणूस खरंच फार बोलत नाही. काकांना मी बाबांचं मोठं भिंग देते. ते डोळ्याला लावून त्यांनी यापुढे घड्याळं बघावीत, मुलं बघायला जाऊ नये.

कलम चौथं, पहिलं बाळंतपण. हे मिळकतीत मोडत नाही, तरी इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहायला जागा नाही. दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात माझं बाळ गेलं. दवाखान्याच्या कागदावर ‘जिन्यावरून पडल्याने’ असं आहे. तेच मीही सांगितलं होतं, पती उशाशी बसून माझा हात कुरवाळत होते. मी पडले नव्हते. दुकानाच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे आणि मी त्यावर लहानपणापासून डोळे मिटून चढते-उतरते. ती मुलगी होती. तिला नाव ठेवायचं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं, आणि या कागदातसुद्धा तिच्या वाट्याला काही येत नाही.

कलम पाचवं, पालक. मी मेले आणि मूल जगलं, तर त्याची पालक माझी मोठी नणंद. ती परगावी असते, सध्या रस्ते बंद आहेत. ती माझ्या पतींचीच सख्खी बहीण, तेव्हा परक्याच्या हाती मूल दिलं असं कोणी म्हणू नये. माझा फोन काढून घेतला जाण्याआधी तिच्याशी शेवटचं बोलणं झालं. मी काहीच सांगितलं नव्हतं, नुसतं बरं आहे म्हटलं होतं. त्यावर ती म्हणाली, “आमची आईपण असंच बरं आहे म्हणायची. त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे लक्ष ठेव.” ज्या घरात तो वाढला त्याच घरात तीही वाढली. तिला काय ते ठाऊक आहे, म्हणून मूल तिच्याकडे.

ती आणि समोरच्या इमारतीत राहणाऱ्या नर्सबाई, अशा दोघींनी

इथून पुढचं अक्षर डाव्या हाताचं आहे. कागद तोच, लिहिणारी तीच, अजूनही शुद्धीवर. मध्ये चार दिवस गेले. वरचं वाक्य असं पुरं करावं: दोघींनी मिळून या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी.

काय झालं ते लिहून ठेवणं भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की अर्धं मृत्युपत्र भलत्यानेच लिहिलं. मी कागद गादीखाली सरकवून खिडकीत उभी होते, नर्सबाईंशी बोलत. गल्ली अरुंद आहे, आवाज न चढवता बोलता येतं. त्या विचारत होत्या की नाव प्रसूतिगृहात घातलं का. नवरा लवकर घरी आला. त्याने नर्सबाईंना नमस्कार केला, तब्येत विचारली आणि खिडकीचं दार लावून घेतलं. माझा उजवा हात चौकटीवर होता. तो त्याला दिसत होता, कारण दार लावण्याआधी त्याने हाताकडे पाहिलं. दार बसलं नाही म्हणून त्याने ते दुसऱ्यांदा लोटलं.

मग त्याने स्वतः चहा केला. बोटांना फडकं बांधलं, चांगलं बांधलं. म्हणाला, “जरा जपून राहत जा. उद्या बाळाला घ्यायचंय या हातांनी.” तीन बोटं हलत नाहीत. यापुढे या कागदात मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

कलम सहावं, माझं मरण. हे कलम सगळ्यात आधी वाचावं. नवरा म्हणतो दवाखान्यात रोग आहे, बाळंतपण घरीच होईल. पूर्वी बायका घरीच बाळंत होत होत्या, असं त्याचं म्हणणं. सुईण कोण आणणार विचारलं तर म्हणतो, मी आहे ना. मला याची जितकी भीती वाटते तितकी त्याच्या हाताचीही वाटत नाही. हल्ली रोगाने गेलेल्याला गुंडाळून, बांधून नेतात, तोंडही उघडून बघत नाहीत. म्हणून लिहून ठेवते की मला रोग झालेला नाही. नवऱ्याने रोगाने गेली म्हणून सांगितलं, पडून गेली सांगितलं, बाळंतपणात गेली सांगितलं, तरी मला सोडवून, उघडून, डॉक्टरांकडून नीट तपासून घ्यावं. उजव्या हाताची बोटंही बघावीत. तोपर्यंत त्याच्या रडण्यावर जाऊ नये. तो छान रडतो.

कलम सातवं, पितळी कुलूप. हे मी नवऱ्याला देते.

कामावर जाताना तो जिन्यावरच्या लोखंडी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावतो. रोग घरात येऊ नये म्हणून, असं गल्लीला सांगितलं आहे. गल्लीला कौतुक आहे, बायकोला किती जपतो म्हणून. कुलूप त्याने माझ्याच दुकानातून उचललं. काचेच्या कपाटात एवढी कुलुपं असताना त्याने सगळ्यात जड, सगळ्यात चकचकीत, सात लिव्हरचं पितळी निवडलं. वस्तू वजनावरून कळते असं त्याला वाटतं. मला दाखवून म्हणाला, “हे तुझ्या बापालासुद्धा उघडलं नसतं.”

ते बाबांनी मला शिकवायला घेतलेलं कुलूप आहे. आतल्या लिव्हरच्या सात पट्ट्यांपैकी सहा त्यांनी काढल्या, म्हणजे राहिलेली एक कशी चालते ते मला दिसावं. किल्ली फिरवली की आवाज खणखणीत येतो, कडी बसते, ओढून पाहिलं तर हलत नाही. पण कडी अंगठ्याने वर दाबून धरायची आणि खोक्याला उजवीकडे पीळ देत झटका मारायचा, की ते किल्लीशिवाय उघडतं. जाळीतून माझा हात आरामात बाहेर जातो. पहिल्या दिवशी कुलूप बघितलं तेव्हा मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड धुवायला गेले.

मग गेली का नाहीस, असं कोणी विचारील. कुठे जाऊ? रस्त्यावर चिटपाखरू नाही, नाक्यावर अडवतात, नर्सबाईंची ड्यूटी रोग्यांच्या वॉर्डात असल्याने त्यांना घरी कोणाला घेता येत नाही. आणि हे एकदाच जमणार आहे. कुलूप पोकळ आहे हे त्याला कळलं की तो दुसरं आणील, खरंखुरं. म्हणून ते मी कळा सुरू होईपर्यंत राखून ठेवलं आहे. खिडकीत पांढरा टॉवेल टाकला की नर्सबाई रुग्णवाहिका बोलावणार, एवढं ठरलं आहे. त्या दिवशी तो कामावर असेल अशी आशा मी धरते. नसला तर काय, याचं कलम मला सुचत नाही.

अडचण एकच. झटका उजव्या हाताचा आहे. डाव्याने रोज करून बघते, तो घराबाहेर पडला की. अजून एकदाही उघडलेलं नाही.

तर हे कुलूप, किल्लीसह, नवऱ्याचं. त्याने ते मनापासून निवडलं होतं. सवडीने खोलून आत बघावं.

कलम आठवं. हा कागद औषधवाल्या दादांच्या टोपलीतून खाली जाईल. ते रोज दोरीला टोपली बांधून माझ्या लोहाच्या गोळ्या वर पाठवतात. मी आणि मूल दवाखान्यात पोचलो की दादांनीच हा नवऱ्याला वाचून दाखवावा, काउंटरच्या मागून. माझ्या मरणात त्याला काही मिळण्यासारखं उरलेलं नाही, हे त्याला समजावं. त्याआधी मात्र त्याच्या कानावर काही जाऊ नये.

माझी खालची सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. कारण वर लिहिलं आहे. सही माझीच आहे.

हे मृत्युपत्र केव्हाही रद्द करायचा हक्क मी राखून ठेवते. तो वापरायची मला फार इच्छा आहे. मूल चालायला लागलं की मी स्वतः दादांच्या दुकानात येऊन हा कागद मागून घेईन आणि तिथेच फाडीन.

ठिकाण: दुकानावरची खोली. दार बाहेरून बंद.
दिनांक: लॉकडाऊनच्या उन्हाळ्यातला रविवार, दुपार.
सही: किल्ली (डाव्या हाताने)

साक्षीदार पहिला. मी समोरचा औषधवाला. बाईंनी खिडकीशी कागद धरून सही केली ती मी माझ्या दुकानाच्या पायरीवरून पाहिली. नंतर कागद टोपलीतून खाली आला, मग मी सही केली. मी रोज तिच्या नवऱ्याला मास्क विकतो आणि तो रोज मला बाळाची तयारी कुठवर आली ते सांगतो. आजवर मी त्याला भला माणूस समजत होतो.
सही: औषधवाला

साक्षीदार दुसरी. मी समोरच्या इमारतीत राहणारी नर्स. सही माझ्या समक्ष झाली, मी माझ्या खिडकीत होते. तिची बोटं मी लांबून पाहिली, तीन तरी मोडलेली असावीत. कागद दादांनी मला वर आणून दिला आहे, तो माझ्याकडे सुरक्षित राहील. सही झाल्यावर ती खोलीतून जाळीच्या दाराकडे गेली. माझ्या खिडकीतून ते दार सरळ दिसतं. तिने डावा हात बाहेर काढला. बराच वेळ काही झालं नाही. मग कुलूप उघडलं. ते हातात घेऊन ती माझ्याकडे वळली आणि हसली, आणि दुसऱ्या क्षणी वाकून पोट धरून खाली बसली. थोड्या वेळाने उठली आणि खिडकीत येऊन पांढरा टॉवेल टाकला.
रुग्णवाहिकेला फोन केला आहे. निघाली म्हणतात. दादांनी दुकानाचं शटर खाली घेतलं आहे आणि ते तिच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे आहेत, कारण गल्लीच्या टोकाला तिच्या नवऱ्याची गाडी वळताना मला दिसते आहे.
सही: नर्स