पेजेतला नारळाचा रस

बुधवार, १२ डिसेंबर २००१
नंदाखाल

आज सासूबाईंच्या देखत माझ्या लेकीची, गौरीची पेज माडाच्या आळ्यात ओतली.

हृदयाच्या ऑपरेशननंतर गौरीच्या छातीत पाणी साठलं होतं. नळीतून बाटलीत उतरायचं ते दुधासारखं पांढरं. अन्नातला स्निग्धांश वाहून नेणारी बारीक नलिका दुखावली आहे, म्हणाले डॉक्टर. ती भरून येईपर्यंत सहा आठवडे तूप, तेल, नारळ बंद. चालेल ते फक्त औषधाच्या दुकानातलं वेगळं तेल. चार आठवडे निभावले, आणि आज ताटलीतली पेज त्या बाटलीतल्या पाण्यासारखी दुधाळ पांढरी.

"दोन चमचे नारळाचा रस घातला," सासूबाई म्हणाल्या. "गाल बघ पोरीचे. तुझं ते तेलही नारळाचंच ना? तूच वाचून दाखवलंस. मग आमच्या माडांनी काय पाप केलं?"

वाचून दाखवलं होतं खरं. पण नारळातला जो अंश त्या नलिकेत न शिरता पचतो, तेवढाच त्यात घेतात, हे सांगायचं राहिलं. म्हणजे चूक माझी? निम्मी तरी.

एखादा घास गेला असेल का पोटात? गौरी नाही म्हणते. वर विचारते, "आता माडाला नळी लावणार?" सासूबाई आणि मी, दोघीही हसलो नाही.

आधी नीट सांगितलं नाही, याबद्दल उद्या सासूबाईंची क्षमा मागेन. पण आणखी दोन आठवडे पेज मीच शिजवणार. पुन्हा अशी दुधाळ दिसली, तर पुन्हा ओतीन.