दोरीवरचे लंगोट

५ जानेवारी १९९६, टेंभुर्णी

आठ शिंका. पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत! नाक बंद, अंग ठणकतंय. सासूबाईंनी लांबूनच सांगितलं, "गोळी बिलकुल खायची न्हाई. अंगावर पितंय लेकरू, समदं त्याला उतरतंय." मी म्हटलं, बरं. दोन महिन्यांच्या बाळंतिणीला दुसरं काय म्हणता येतं?

ओव्याची धुरी घेतली. बाळाचे लंगोट चौदा. दोरी पुरली नाही, दोन बाजेवर वाळत घातले.

७ जानेवारी

आता बाळालाही सर्दी. नाकात शिट्टी वाजते. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला औषध पाजतेत का? तू गोळी खा. तुझ्यातून तिला उतरंल."

परवा उतरतं म्हणून खायची नाही. आज उतरतं म्हणूनच खायची! मी डी.एड. झालेली, तिसरीच्या वर्गाला शिकवते, पण यावर मानच डोलावली. शिवाय त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे — "म्या चार वाढवले." मी एकच, तेही नाक गळणारं.

गोळ्या धाकट्या दिरांनी, तातेरावभाऊजींनी आणल्या. ते मेडिकलवर मदतनीस आहेत. कागदाची पुडी — एक लाल, एक पिवळी, अर्धी पांढरी. दिवसातून तीनदा. नाव कशावरच नाही. "जालीम हाये, वहिनी," एवढंच म्हणाले.

८ जानेवारी

नाक कोरडं ठाक! माणसात आले. बाळ सलग चार तास झोपलं.

१० जानेवारी

बाळ फारच शहाणं झालंय. रडत नाही. पाजायला मीच उठवते, दोन घोट घेतं की मान टाकतं. सासूबाई खूश. "पोरगी लई गुणाची. माझं पयलंबी असंच होतं. आवाज म्हणून न्हाई."

पहिलं म्हणजे आमचे हे, बद्रीनाथ. (वहीत नाव घेतलेलं चालतं.) जेवताना मी म्हटलं, "लई गुणाचे होता म्हणे!" त्या खुशीत ह्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

११ जानेवारी

लंगोट आठ. गार पाण्यात हात कमी घालावे लागले. बरं वाटलं.

१६ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने. अकरा बायकांच्या मांडीवरून फिरलं, एकदाही रडलं नाही. डोळेही धड उघडले नाहीत. एकीनं विचारलं, "काय देता हो हिला?" सासूबाई म्हणाल्या, "कायबी न्हाई. आमच्या घराण्यातच हाये." बायका गेल्यावर मीठ-मोहरीनं दृष्ट काढली.

भाऊजींनी नवी पुडी आणली. दूध कमी झालंय. आधी पदर ओला व्हायचा, आता होत नाही. थंडी असेल. सासूबाईंनी अळिवाची खीर केली.

१७ जानेवारी

लंगोट पाच.

१८ जानेवारी

बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला गिरिजाबाई येते. आज मालीश करता करता थांबली. बाळाचा हात उचलून सोडला. दोरीकडे पाहिलं.

"बाई, काल किती?"

"पाच."

"काल डोक्यावर पाणी ओतलं तरी रडली न्हाई. लेकरू मुतंना, अन् तुम्ही गुणाची गुणाची करून राह्यल्या?"

मी रोज मोजत होते! मोजून वहीत लिहीत होते आणि धुणं कमी झालं म्हणून खूश होते. पुडी कमरेला खोचली, बाळाला शालीत गुंडाळलं, ह्यांना घेऊन जीपमध्ये बसले. जाफराबादच्या दवाखान्यापर्यंत तिच्या तळपायाला टिचक्या मारत होते. ती कण्हायची, परत डोळे मिटायची. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पुडी उघडली. "नाव नाही, चिठ्ठी नाही. काय खाल्लं ते नेमकं कसं सांगू? पण हे सगळं बघता एखादी झोप आणणारी असावी, एखादी नाक सुकवणारी. नाक सुकवणारी दूधही कमी करू शकते." मी म्हटलं, "पण मी बाळासाठीच खाल्ल्या!" त्या म्हणाल्या, "बाळाचं औषध बाळाला तपासून द्यायचं असतं. आईच्या हाती पाठवायचा निरोप नाही तो."

वजन उतरलंय. आज इथंच ठेवून घेतलं. दर दोन तासांनी उठवून पाजायचं, ओढलं नाही तर दूध काढून वाटी-चमच्यानं.

२० जानेवारी

घरी आलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं विसरायच्या आत लिहिते. सर्दी झाली तरी पाजणं सोडायचं नाही. दुधातून बाळाला सर्दी होत नाही, उलट तिच्याशी लढायचं बळ मिळतं. हात धुवून, तोंडावर पदर धरून पाजायचं. वाफ घ्यायची, मिठाच्या गुळण्या करायच्या. ताप किंवा अंगदुखी असेल तर साधी पॅरासिटामॉलची गोळी मापात चालते. पण सगळं मिसळलेली पुडी नाही! आणि कुठलीही गोळी घ्यायच्या आधी 'अंगावर पाजते' हे तोंडानं सांगायचं. बाळ पीत नसेल, नुसतं झोपत असेल, तर वाट न बघता दवाखाना.

एवढं साधं. दहा दिवस मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

तातेरावभाऊजी म्हणाले, "साऱ्या गावाला तीच पुडी देतो मी, वहिनी!" मी म्हटलं, "सारं गाव अंगावर पाजत नाही, भाऊजी." पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले.

सासूबाई जेवल्या नाहीत. रागावल्या असतील. रागावू देत!

२२ जानेवारी

लंगोट सात. बाळ किंचाळतं. हे कानावर हात ठेवून म्हणाले, "काय आवाज हाये हिचा!" मी रडले. आनंदानं.

चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसल्या. सासूबाई ओढतात. ओला लंगोट निघाला की एक रेघ. त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

२५ जानेवारी

बारा. पाणी अंगावर पडताच बाळानं घर डोक्यावर घेतलं. गिरिजाबाई हसली. "बापावर गेली. बद्रीलाबी म्याच न्हाऊ घातलं. असा बोंबलायचा, समदी गल्ली जमा व्हायची."

सासूबाई तर म्हणाल्या होत्या, आवाज म्हणून नाही! वयानं विसरत असतील.

२८ जानेवारी

चौदा. दोरी पुरली नाही.

मी म्हटलं, "आत्याबाई, आता पुरे मोजणं. बरी आहे ती." त्यांनी चौदावी रेघ पूर्ण केली, कोळसा चुलीत टाकला.

"बद्रीच्या आदी एक झाल्तं मला. लई गुणाचं. त्याचं कुणी मोजलं न्हाई."