चौथीचं कार्ड

५ जानेवारी
डाव फसला! बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात, जानरावची जोडी सुटली, मी कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं. चार फोटो निघाले आणि कॅमेरा अडकला. तेवढ्यात जोडी पार. जोडी हाकणारा त्याचा हाक्या मुठीत खिळा लपवून बैलांना टोचतो, माझी खात्री आहे. नाहीतर आमची जोडी दरवेळी मागं पडते कशी? मागच्या वर्षी जानराव चारचौघांत म्हणाला, "उकंडराव, तुमचे बैल आता दूध काढाले बांधा." विसरलो नाही. विसरणार नाही.

६ जानेवारी
कार्ड लहान पडलं असणार. मेहकरहून कॅमेऱ्याचं नवं मेमरी कार्ड आणलं. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात मोठं, बत्तीस जीबीचं.

९ जानेवारी
वासरं पळवून फोटो काढून पाहिले. हेही अडकतं! पुढचा पट सोळाला.

१० जानेवारी
परत मेहकर. दुकानदार म्हणाला, "बाबा, हे क्लास चारचं हाय. तुमाले दहावालं पायजे."
मला वाटलं, माझं शिक्षण काढतोय. "चौथी शिकलो म्हून कॅमेरा धरू नये का बे?" सगळं दुकान हसलं. मग त्यानं समजावलं. मोठ्या कार्डात फोटो जास्त मावतात, एवढंच. गती वेगळी. लागोपाठ फोटो काढले की हे हळू लिहितं आणि कॅमेरा वाट पाहत बसतो. कार्डावरच्या सी अक्षराच्या पोटात दहा हवा. यूच्या पोटात तीन असला तर फारच बरं. आडदांड बैल पळत नाही हे जन्मभर पाहिलं, आणि कार्ड मात्र अंग बघून घेतलं! तीनवालं आणलं.

१४ जानेवारी
संक्रांत. जानरावनं तिळगूळ दिला. घेतला आणि घरी येऊन वासराला घातला.
पंचांना गाठलं. फोटोत ज्याच्या हातात खिळा दिसला त्याची जोडी कायमची बाद, असं कबूल करून घेतलं. आमची जोडी माझा गोविंदा हाकतो. तो म्हणे, "बाबा, जाऊ द्या ना. कॅमेरा काऊन आणता पटात?" भित्रा! बापाचा अपमान याला लागतच नाही.

१६ जानेवारी
जिंकलो. जानरावच्या जोडीला मागं टाकलं. फोटोही सगळे आले, एकही अडकला नाही. त्याच्या हाक्याची मूठ उघडी — रिकामी. त्याच फोटोत शेजारच्या दाणीत पळणारी आमची जोडी. खिळा गोविंदाच्या हातात.
पंच बोलावून राह्यले. कॅमेरा घेऊन या म्हणतात.