पडद्यावरची माय

प्रिय संघपाल,

तुले पत्र लिहून लय वर्षं झाली. फोन हाती आला अन् माह्या अक्षराले गंज चढला, तवा वाकडंतिकडं दिसलं तं हसू नको. माही तब्येत बरी हाय. सोयाबीन फुलावर आलं. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन आषाढी पौर्णिमेले सुरू झालं, ते मात्र मधातच थांबलं. काहून थांबलं ते सांगतो म्हनतो, पन हात धजत नाही.

तुह्या भाषनाच्या दिवशी आमी शाळेतला प्रोजेक्टर मागून आनला अन् विहाराच्या भिंतीवर चादर बांधली. आपल्या कामरगावचा मास्तर सिंगापूरच्या शिक्षण परिषदेत बोलनार, म्हनून बाया ठेवनीतली लुगडी नेसून आल्या. तू कोटात मंचावर आला अन् माहा ऊर भरून आला. तू इंग्रजीत बोले अन् रुख्मिणीबाईची नात सपना आमाले मराठीत सांगे. एका जागी ते पोरगी अडखळली. आजीनं कोपरानं ढोसलं तवा कुठं बोलली. तू सांगून राह्यला होता का माही माय अंगठाबहाद्दर, माह्या प्रगतीपुस्तकावर तिनं अंगठाच उमटवला, तिले अजून माहं नावबी वाचता येत नाही. तिथले लोक डोळे पुसत उभे राह्यले, टाळ्या थांबेनात.

विहारात कोनीच टाळी वाजवली नाही. दर साली मी ग्रंथ वाचतो अन् ह्याच बाया माह्यापुढं बसून ऐकतात. रुख्मिणीबाई हळूच म्हने, “बेबी, हा कोनाच्या मायबद्दल बोलून राह्यला वं?” मी म्हनलं, मोठ्या मंडपात थोडं वाढवून सांगा लागते. असं म्हनतानी मान वर होईना. मंग माही नजर तिच्या हाताकडं गेली. बँकेत, रेशनच्या दुकानात सगळ्यांदेखत अंगठा लावनारी बाई ते, कधी लाजली नाही. त्या दिवशी तिनं आपला हात पदराखाली लपवला होता. माह्या लाजेपक्षा मले तिची लाज जड गेली. दुसऱ्या दिवशी चष्मा फुटला म्हनून सांगतलं अन् ग्रंथ कपड्यात बांधून ठेवला. चष्मा धड हाय, हे सगळ्याइले ठावं हाय.

लेका, मलेबी पह्यले काहीच येत नव्हतं. मी रुख्मिणीबाईच्या बाजूले बसून नुसती ऐको. तू चौथीत होता, चुलीतला कोयसा घेऊन भुईवर अक्षरं काढे अन् माहा हात धरून गिरवे. भाकर करपली तरी सोडे नाही, असा खट्याळ मास्तर. पुढं अकोल्याच्या होस्टेलवर माही पत्रं जात, तं तू लाल पेनानं चुका दाखवून परत धाडे. मले रागबी ये अन् हसूबी ये. त्या चुकाइनंच मी ग्रंथापर्यंत पोचलो. तुह्या हातानं शिकलेली पह्यली शिष्य मीच ना रे? हे काहून नाही सांगतलं? त्यानं लोकाइच्या डोळ्याले पानी आलं नसतं का? तुही मेहनत खरी हाय, तुह्या शाळेतली लेकरं शिकून राह्यली तेबी खरं. मंग माह्या अंगठ्याची गरज काहून पडली?

परवा तुहा फोन आला. रविवारी आपल्यावर फिल्म काढाले फिल्मवाले येनार हायेत, माय, तू काही बोलू नको, फक्त रजिस्टरवर एकदा अंगठा लाव, असं म्हनला. अन् मी हो म्हनून बसलो. पोराचं नाव खराब होईन म्हनून. तवापासून घास गोड लागत नाही. तुह्या खोट्याची लाज वाटे, आता माह्या होकाराची वाटते. तो होकार मी वापस घेतो. फोनवर तुहा आवाज ऐकला असता तं माही जीभ पुन्हा हो म्हनून बसली असती, म्हनून लिहिलं. रविवारी ये. फिल्मवाले आनाचे तं आन. ग्रंथ मी कपड्यातून सोडन, राह्यला तिथून वाचन. पन त्याच्याआंधी तू रुख्मिणीबाईच्या बाजूले खाली बसजो. तिनं त्या दिवशी जे इचारलं होतं, त्याचं उत्तर तिले तूच दे.

तुहीच माय,
बेबी