वीतभर काळी

ती. बाबा,
तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांना लांबूनच नमस्कार. शेक घेताय ना? मी मजेत आहे. माझा तंबू डोंगराच्या माथ्यावर आहे, तेव्हा काळजी नसावी.

गवंडीकामावर तुम्ही माती मुठीत दाबून पाया किती खोल घ्यायचा ते सांगायचात. इथली मुठीत राहतच नाही. वर वीतभर काळी, कुजलेल्या पाल्याची. खाली नुसता ग्रॅनाइटचा चुरा. आमच्या माती-पाहणीच्या वर्गीकरणात ही ‘अपरिपक्व’, म्हणजे अजून पुरती न बनलेली. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलीय, आणि झाडं आता तुटणार आहेत. उताराखाली वस्ती आहे, असं साहेबांना सांगितलं. म्हणाले, “तुम्ही फक्त वर्ग लिहा.” लिहिला.

वस्तीतल्या आजींनी विचारलं, “आमची माती कशी निघाली?”

मी म्हटलं, “काळी आहे.”

“मग बरंय!” म्हणत खूश होऊन गेल्या.

बाबा, तुम्ही काय सांगितलं असतंत? पावसाच्या आत कळवा.

तुमची धाकटी