लाल तुऱ्याचं परदेशी धान्य

१३ नोव्हेंबर १९९६, भाऊबीज

मिल बंद होऊन चार वर्षं झाली. शिफ्टची ही वही अर्धी कोरी पडलीय. फेकायची कशाला? आजपासून रोज लिहिणार. फालतू एक शब्द नाही.

शशिकलानं भावाला, श्रीरामला, ओवाळलं आणि लगेच माझा विषय काढला. कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला माणूस पाहिजे, ह्यांना लावून देते म्हणाली. मी विणाई खात्यात जॉबर होतो. तीस वर्षं लूम सांभाळले. आता पिठाचे डबे सांभाळू? साफ नाही म्हणालो. ती म्हणाली, होळीपर्यंत दुसरं काही करून दाखवा, नाहीतर चक्की.

म्हणालो, मंजूर. चार महिने खूप झाले.

१५ नोव्हेंबर

जावई देवेंद्र आले. दवाईच्या कंपनीत आहेत. आजकाल कंपन्या माणसाला कुठेही पाठवतात, ह्यांना बोलिव्हियाला पाठवलं. तिथल्या बाजारातून एक पुडी आणली. क्विनोआ. बारीक पांढरट दाणे. तिकडचे लोक उंच डोंगरावर लावतात. थंडी सोसतं, पाणी कमी लागतं, ताकद भरपूर. देवेंद्रजी म्हणाले, खायला आणलंय, चांगलं धुवून शिजवा, नाहीतर कडू लागेल.

मी पुडी खिशात घातली. जो बियाणं खातो तो जन्मभर नोकरीच करतो.

पीसीओवरून गौतमपुऱ्याला श्रीरामला फोन. म्हणालो, तुझ्या शेतात लसूण बंद, हे लावू. साळा म्हणतो, दाजी, आपल्याकडे डोंगर कुठे? मी म्हणालो, मुंबईहून गाडी चढत चढतच इंदूरला येते. मग इंदूर उंचच झालं की. त्यावर तो गप्प. लाइन कटली होती, पण त्याला पटलं असणार.

परत लावला. म्हणाला, आधी घरामागे उगवून दाखवा, मग दोन बिघे देतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

घरामागे मिलच्या भिंतीला लागून पट्टी आहे, तिथे पेरलं. दोन खुंट्या, मध्ये मिलचा जुना दोरा ताणून. दहा ओळी, एकदम सरळ. शेतकऱ्यांना ही अक्कल नसते.

शशिकला मागे उभी राहून सल्ले देत होती. तिच्या माहेरी शेती, म्हणून काय झालं? नियम केला : पट्टीबद्दल घरात एक अक्षर बोलायचं नाही. ती बरं म्हणाली. इतक्या पटकन?

२१ नोव्हेंबर, एकादशी

उपासाचा राजगिरा निवडून शशिकलानं सूप पट्टीच्या कोपऱ्यातच झटकलं. रागावलो. काही सांगायला लागली. नियमाची आठवण दिली. सूप घेऊन आत गेली.

८ डिसेंबर

उगवलं! पण ओळींमध्ये बथुआ माजलाय. आपला बाजारात मिळतो तोच, चाकवत म्हणतात तो, पानाखाली पांढरी भुकटी. खरं पीक फक्त कोपऱ्यात, पाच रोपं. जाड दांडा, रुबाबदार. परदेशी माल लपत नाही.

बाकीचं बी कुजलं असेल. पाच पण पुष्कळ आहेत.

३ जानेवारी १९९७

दिवसभर बथुआ उपटला. कंबर गेली. शेजारची जनाबाई भिंतीवरून म्हणते, भिया, बथुआ कधी ओळीत उगवतो का? म्हणालो, मिलच्या जमिनीवर उगवलाय, त्याला शिफ्टची सवय आहे.

शशिकलानं पदर तोंडाला लावला. खोकला असेल.

१४ जानेवारी, संक्रांत

बथुआचे पराठे, बथुआचं रायतं, बथुआची डाळ. दहा दिवस झाले. जनाबाईला दोन टोपल्या दिल्या. चव जरा वेगळी, पण फुकटचं तण आहे, तक्रार कसली. अंगात ताकद मात्र आलीय. मेहनतीची असणार.

९ फेब्रुवारी

पाची रोपं माझ्या छातीपर्यंत आली. लाल तुरे! देवेंद्रजींना फोन केला. क्विनोआला लाल तुरा येतो ना? म्हणाले, हो बाबा, लालही येतो. फोटो आणतो म्हणाले. मी म्हणालो, फोटोची झंझट कशाला, इथे खरं झाड उभं आहे.

संकल्प : श्रीरामचे दोन बिघे झाले की मानपूरच्या घाटापर्यंत सगळ्यांना हेच लावायला सांगणार.

२१ मार्च

कापणी. दाणे बारीक, सव्वा किलो भरले. शशिकलानं न सांगता कढईत लाह्या फोडल्या, गुळाचा पाक केला, लाडू वळले. परदेशी धान्य, आणि पहिल्याच झटक्यात जमलं! बाईच्या हाताला गुण आहे, हे मान्य करावं लागेल. तोंडावर नाही.

२४ मार्च, धुळवड

श्रीराम आला. मी ताट पुढे केलं, म्हणालो, घे, तुझ्या दोन बिघ्यांचं भविष्य. त्यानं एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला. मग बहिणीला विचारतो, ताई, आज धुळवड आहे ना? की एकादशी?

मी म्हणालो, का?

म्हणाला, दाजी, राजगिऱ्याचे लाडू झकास झालेत. पण क्विनोआ कुठाय?

२८ मार्च, रंगपंचमी

सगळं इंदूर रंगात, मी घरात. देवेंद्रजी फोटो घेऊन आले. बोलिव्हियाचा शेतकरी हॅट घालून रोपांत उभा. रोपं गुडघ्याएवढी. पानाखाली पांढरी भुकटी.

श्रीराम, जनाबाई, सगळे फोटोवर वाकले. जनाबाई म्हणाली, हे तर आम्ही दोन टोपल्या खाल्लं.

देवेंद्रजी म्हणाले, बथुआचंच भावंड आहे बाबा, पाला पण पौष्टिक असतो. एवढा एकच माणूस धड बोलला.

शशिकलाला विचारलं, तुला माहीत होतं? तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

३१ मार्च, सोमवार, सकाळी ६

श्रीरामनं दोन बिघ्यांत पुन्हा लसूण ठरवला. चक्कीवाल्याला मी हो म्हणून आलो. चक्की आठ वाजता चालू होते.

शशिकलानं डबा भरला. काय आहे विचारलं तर नुसती हसली. म्हणालो, बस झालं, तो नियम मी मागे घेतो.

चूक झाली. तिनं सतरा नोव्हेंबरपासून सांगायला सुरुवात केलीय. दोरा कसा ताणला, सूप कुठे झटकलं, मी काय काय म्हणालो, सगळं. अजून फक्त डिसेंबरपर्यंत आलीय. जानेवारीत बथुआ आहे.

मी निघतो. पहिल्या दिवशी लवकर पोचलेलं बरं.