ॲशुअर्ड म्हंजी उडवाउडवी

आप्पा, मला इंग्रजी येतं. कुनी इचारलं न्हाई, तरी सांगतो. घरात समद्यांना वाटतं, म्हाताऱ्याला काय कळतंय. नात मोबाईल घेऊन बसती. त्यात कोटवाली मानसं एकमेकांवर वरडत्यात आन ही त्यातनं शब्द वहीत उतरून घेती. क्लासच्या बाईनं सांगितलंय म्हनं, राजकारनाच्या चर्चा ऐका, शब्द वाढत्यात. मला ही बाई पहिल्या दिवसापासनं पटलेली न्हाई. मी म्हनलं, पोरी, आमी हे मिरजगावच्या स्टँडसमोर भज्याच्या कागदावर केलंय, त्याचं पुढं काय झालं ते इचार. तिनं इचारलं न्हाई. कानात वायरी हुत्या. म्हनून तुमाला लिहितो. तुमाला आता ऐकून घ्यावंच लागंल.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदलं साल. मी नववी नापास, लग्नाला आलेला गडी, आपल्या हॉटेलात कपबश्या विसळतोय. नगरच्या गाडीत कुनी इंग्रजी पेपर टाकून गेलं की कंडक्टर तो तुमाला आनून देतो. दुसरे हॉटेलवाले त्यात सरळ भजी बांधत्यात. तुमी आधी त्यातली सभागृहाची बातमी कापून घेता. मग त्याच तारखेचा मराठी पेपर फळीवर शेजारी ठेवायचा, मंत्र्याचं नाव दोन्हीकडं हुडकायचं, आकडे जुळवायचे, आन मधले शब्द अंदाजानं बशिवायचे. मी एकदा म्हनलं, आप्पा, दुसरं कायतरी वाचू की. तुमी म्हनला, "दुसरं दोन्ही पेपरात सारखं येत न्हाई. भांडन तेवढं दोन्हीकडं येतं." कंडक्टर बाकड्यावरनं वरडायचा, "आप्पा, एक पलेट इंग्रजी भजी." तुमी मान वर न करता म्हनायचा, "खाली बसा, सभा चालू हाय."

डिनाइड, नाकबूल केलं. डिमांड, मागनी. वॉकआउट, उठून गेले. समदं तुमच्या वहीत पेन्सिलनं. सहा म्हयन्यात मला इंग्रजीत भांडता यायला लागलं, पन प्यायला पानी मागता येत न्हवतं.

त्यातच त्यो शब्द आला. इंग्रजी पेपरात मंत्र्यानं सभागृहाला ॲशुअर्ड केलं हुतं. मराठी पेपरात त्याच जागी छापलेलं, मंत्र्यानं उडवाउडवी केली. पुढच्या आठवड्यात परत तसंच. तिसऱ्यांदा मराठीत आलं, मंत्र्यानं येळ मारून नेली. तुमी मांडीवर थाप मारली. तीनदा जुळलं म्हंजी पक्कं झालं. वहीत लिहिलं, ॲशुअर्ड, उडवाउडवी. आपला मराठी पेपर सरकारच्या इरोधातला हाय, हे आपल्या दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई.

मग भादव्यात श्रीगोंद्याकडच्या कारखान्याचं पत्र आलं. ऊस मोजायच्या काट्यावर पावत्या लिहायच्या जागेसाठी मी अर्ज टाकला हुता. पत्र इंग्रजीत, टाईप केलेलं. तुमी चष्मा पुसला आन भट्टीपाशी उभं राहून वरनं खाली बोट फिरवत आला. बोट थांबलं. "ह्यो बघ आपला शब्द," तुमी म्हनला. "मंत्र्याचाच. तुला नादी लावत्यात. जाऊ नगंस." मी म्हनलं, कुनाला तरी दाखवू. तुमी म्हनला, "दाखवशील त्यो आपल्याच सोयीचं सांगंल." आन पत्र साखरंच्या बरनीखाली ठेवून दिलं.

मी गेलो न्हाई. शेजारच्या गावचा एकजन तिथं लागला. तिथंच रिटायर झाला. लग्नाकार्यात भेटला की माझ्यापुढं उगंच मनगटावरचं घड्याळ बघायचा.

तुमी गेल्यावर ती वही मला सापडली. त्या पानावर उडवाउडवी खोडलंय आन खाली लिहिलंय, खात्री दिली. समदं पान पेन्सिलचं, ही एकच ओळ शाईची. तवापास्नं माझं डोकं तिथंच अडकलंय. कवा खोडलं तुमी? पत्राच्या आधी, का नंतर? हॉटेलात शाईचा पेन कवा आला, तेबी मला आठवत न्हाई. पत्र आलं तवा आई जाऊन वरीस झालं न्हवतं. भट्टीवरचं मोठं पातेलं उतरवताना तुमचा हात कापायचा, तवा तुमी गिऱ्हाइकाकडं पाठ करायचा. गडी ठेवायचा न्हाई, म्हनायचा, चोरी करत्यात. मग मला वाटायचं, आप्पांना अर्थ म्हाईत हुता. पोरगं जाऊ नये म्हनून त्यांनी खोटा सांगितला. चाळीस वर्सं मला हेच वाटत आलंय. तुमची पुन्यतिथी करताना, ताट वाढतानाबी वाटायचं.

आता वही पुढ्यात हाय, आन नात पलीकडं तसलंच कायतरी घोकती, म्हनून एक सांगून टाकतो. पत्र आलं त्याच दुपारी तुमी जरा आडवे झालता. मी बरनीखालनं ते काढलं, साखर आनतो म्हनलं आन शाळेतल्या मास्तरांकडं गेलो. त्यांनी एकदाच वाचलं. म्हनले, "अरे, नोकरीची खात्री दिलीया. दसऱ्याच्या आत हजर हो. उशीर करू नगंस." मी घडी घातली, दुकानातनं साखर घेतली, परत आलो, पत्र बरनीखाली सारलं आन पातेलं उतरवलं. तुमी इचारलं, "एवढा येळ कुठं हुतास?" मी म्हनलं, दुकानात गर्दी हुती.

हे कागद वहीतच ठेवतो. मग का गेलो न्हाई, ते इचारू नका. सांगनार न्हाई.